टॉवर समोर दिसतो, तरी रेंज नाही: अँटेनाच्या दिशेमुळे आणि झुकावामुळे येणारी अडचण कशी ओळखावी

बेळगावच्या पश्चिमेला जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात, चंदगडला लागून असलेल्या गावांत आणि पार निपाणीकडच्या उसाच्या सपाट रानातही मोबाईलबद्दलची एक तक्रार वारंवार ऐकू येते. 'टावर हितनं दिसतोय की, मग रेंज कशी न्हाई?' असे लोक विचारतात. तक्रार नोंदवली की 'टॉवर चालू आहे' असे उत्तर मिळते, तक्रार निकाली निघते आणि काही दिवसांनी तीच माणसे तीच तक्रार पुन्हा नोंदवतात. टॉवर चालू असतो हे खरेच असते, पण त्याच्यावरील अँटेनाचा झोत गावावर पडत नाही हेही तितकेच खरे असते. या दुसऱ्या गोष्टीची शहानिशा कोणी करत नाही, म्हणून अडचण सुटत नाही. मोजमापाच्या कामानिमित्त या भागात हिंडताना माझे मत असे झाले आहे की इथल्या बऱ्याच गावांना नव्या टॉवरची नव्हे, तर आहे त्या टॉवरवरील अँटेना नीट लावण्याची गरज आहे. ही मागणी करायची तर आधी नेमके काय बिघडले आहे हे दाखवता आले पाहिजे.

टॉवरचा लोखंडी सांगाडा रेंज देत नाही. रेंज देतात त्यावर उभे बसवलेले लांबट पांढरे पॅनेल. साधारणपणे असे तीन पॅनेल तीन दिशांना तोंड करून असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १२० अंशांचा सेक्टर येतो. परंतु नेहमीच्या पॅनेलचा आडवा झोत सुमारे ६५ अंशांचाच असतो, त्यामुळे दोन सेक्टरांच्या सांध्यावर दोन्हीकडची ताकद मधल्या रेषेच्या तुलनेत साधारण १० डेसिबलने, म्हणजे एक दशांशापर्यंत, खाली येते. उभ्या दिशेने तर हा झोत फारच अरुंद असतो. १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झच्या पॅनेलला तो बहुधा ६ ते ७ अंशांचा असतो. ट्रॅक्टरच्या दिव्याचा उजेड जसा पुढच्या वाटेवर पडतो आणि चाकापाशी अंधार राहतो, तसाच हा प्रकार आहे. पॅनेल किती अंश खाली झुकवले आहे, म्हणजे त्याचा टिल्ट किती आहे, यावर कोणाला उजेड मिळणार आणि कोणाला अंधार हे ठरते.

डोंगरमाथ्यावरचा टॉवर आणि पायथ्याचे गाव

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच असल्यामुळे तो आकड्यांसह पाहू. समजा, गावापेक्षा ८० मीटर उंच टेकाडावर ४० मीटरचा टॉवर आहे आणि गाव तिथून सरळ अंतराने ६०० मीटरवर, खालच्या खोलगटात आहे. अँटेना गावापेक्षा १२० मीटर उंच झाली. तिथून गावाकडे पाहण्याचा कोन आडव्या रेषेच्या खाली सुमारे ११ अंश येतो. आता पॅनेलचा टिल्ट ४ अंश आणि उभा झोत ७ अंशांचा असेल, तर मुख्य झोताची खालची कड साडेसात अंशांवर संपते आणि त्याची मधली रेषा गावाच्या पातळीला टेकते ती सुमारे १७०० मीटरवर, म्हणजे गाव ओलांडून पलीकडच्या रानात. मुख्य झोत संपल्यावर अँटेनाच्या आकृतीत एक खोल खाच असते आणि या उदाहरणात ती साधारण १२ अंशांवर पडते. गाव जवळपास नेमके त्या खाचेत सापडते. तिथे ताकद मुख्य झोताच्या तुलनेत २० डेसिबलने किंवा त्याहून अधिक, म्हणजे शंभराव्या हिश्श्यावर किंवा त्याखाली, घसरलेली असू शकते. चांगल्या पॅनेलमध्ये ही खाच थोडी भरून काढण्याची सोय असते, पण पूर्ण भरपाई होत नाही.

अशा गावात देवळाच्या कट्ट्यावर उभे राहून मोजले की फोन उणे ११० डीबीएमच्या (संकेताच्या ताकदीचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी ताकद अधिक) आसपास आकडा दाखवतो, आणि दीड किलोमीटर पुढे, जिथे वस्तीच नाही अशा माळावर, तोच आकडा उणे ८० वर येतो. टॉवरपासून दूर गेल्यावर रेंज वाढत असेल, तर अँटेनाचा झोत डोक्यावरून जातो आहे याचा याहून चांगला पुरावा नाही. ही खूण लक्षात ठेवावी आणि तक्रारीत तिला पहिले स्थान द्यावे.

उपाय वाटतो तितका सरळ नाही. टिल्ट ४ वरून ९ अंशांवर नेला की गाव झोतात येते, पण मग झोताची वरची कड साडेपाच अंशांवर येऊन सुमारे १२५० मीटरनंतर ताकद झपाट्याने उतरू लागते, आणि दरीपलीकडे ३ किलोमीटरवर असलेली वाडी, जिला आजवर बरी रेंज होती, ती अंधारात जाते. एका गावाची तक्रार मिटून दुसऱ्याची सुरू होते आणि कोणीतरी टिल्ट पुन्हा पूर्ववत करतो. याच खेळामुळे ही अडचण वर्षानुवर्षे परतून येते. अशा ठिकाणी गावाकडच्या सेक्टरला उभा झोत अधिक रुंद असलेली, कमी गेनची (म्हणजे ताकद एका दिशेला कमी एकवटणारी) अँटेना लावणे, किंवा गावासाठी टॉवरवरच खालच्या उंचीला वेगळे पॅनेल बसवणे हा टिकाऊ उपाय आहे. त्याला खर्च येतो. तरीही नवा टॉवर उभारण्यापेक्षा तो कितीतरी कमी असतो.

टिल्ट देण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांच्यातील फरक डोंगराळ भागात महत्त्वाचा ठरतो. पॅनेलच क्लॅम्पवर पुढे वाकवले की तो यांत्रिक टिल्ट झाला. त्यात समोरचा झोत खाली येतो, बाजूंचा फारसा हलत नाही आणि पाठीमागचा उलट वर उचलला जातो. पॅनेलच्या आतील घटकांना मिळणाऱ्या संकेतांची कला (फेज) बदलून झोत खाली आणणे हा विद्युत टिल्ट, आणि त्यात झोत सर्व बाजूंनी सारखा खाली येतो. हा टिल्ट बऱ्याच टॉवरवर दूरून, कार्यालयात बसून बदलता येतो. मात्र त्याची मर्यादा पुष्कळदा १० अंशांच्या आसपास असते, म्हणून वर दिलेल्यापेक्षाही खोलगटातल्या गावांसाठी दोन्ही टिल्ट मिळून वापरावे लागतात आणि त्यासाठी माणसाला टॉवरवर चढावेच लागते.

फोनच्या दांड्या पुरेशा का नाहीत

रेंजच्या दांड्या प्रत्येक कंपनीचा फोन आपापल्या हिशोबाने दाखवतो, त्यामुळे त्यांवर निदान करू नये. अँड्रॉइड फोनवर नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर यांसारखे ॲप घेऊन, लोकेशन चालू ठेवून, चार गोष्टी पाहाव्यात. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केल्यावर यांतील बरीचशी माहिती दिसते. पहिली गोष्ट आरएसआरपी, म्हणजे संकेताची ताकद. उणे ९० पर्यंत ती चांगली, उणे १०० पर्यंत चालण्याजोगी आणि उणे ११० च्या खाली कमकुवत समजावी. दुसरी एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत संकेत किती स्वच्छ आहे. हा आकडा २० च्या वर असेल तर उत्तम आणि शून्याच्या खाली गेला तर ताकद कितीही असो, नेट रखडणारच. तिसरी गोष्ट पीसीआय हा सेक्टरचा ओळखक्रमांक, आणि चौथी फोन कोणत्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या कोणत्या पट्ट्यावर, बसला आहे ती.

पहिले दोन आकडे शेजारी शेजारी वाचले की पुष्कळ उलगडा होतो. आरएसआरपी वाईट असेल तर झोत पोहोचत नाही किंवा मध्ये डोंगर आहे. आरएसआरपी चांगला आणि एसआयएनआर वाईट असेल तर एकाहून अधिक सेल, म्हणजे सेक्टरांचे संकेत, एकाच जागी तुल्यबळ पोहोचत आहेत. दोन सेक्टरांच्या सांध्यावर सापडलेल्या गावात नेमके हेच होते: दोन पीसीआय सारख्याच ताकदीने दिसतात, फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो आणि बोलता बोलता आवाज तुटतो. इथे टिल्ट नव्हे, तर ॲझिमथ, म्हणजे पॅनेलची आडवी दिशा, काही अंशांनी वळवून एका सेक्टरला गावाचा धनी करावे लागते.

बँडचा प्रश्न वेगळा आहे. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात आणि तेवढ्याच उंचीच्या पॅनेलमधून त्यांचा उभा झोतही अधिक रुंद निघतो. मोकळ्या जागेतसुद्धा ८५० च्या तुलनेत २३०० मेगाहर्ट्झचा संकेत साडेआठ डेसिबलहून अधिक, आणि ५जी साठीच्या ३५०० चा सुमारे १२ डेसिबल अधिक क्षीण होतो. त्यामुळे पायथ्याच्या गावात खालचा बँड कसाबसा पोहोचतो, वरचा पोहोचतच नाही, आणि फोनवर '४जी' दिसत असूनही नेट सुस्त असते. खालच्या बँडवर कंपनीकडे सहसा ५ किंवा १० मेगाहर्ट्झचीच रुंदी असते आणि सारे गाव तेवढ्यावर लोटलेले असते. संध्याकाळी सातनंतर नेट बसते आणि पहाटे पळते असा अनुभव असेल, तर बँड तपासून पाहावा.

आणखी एक बिघाड असा आहे की जो दांड्यांत दिसतच नाही. प्रत्येक पॅनेलमध्ये अधिक ४५ आणि उणे ४५ अंशांवर तिरके बसवलेले दोन संच असतात आणि त्यांच्या जोडीने एकाच वेळी माहितीचे दोन प्रवाह पाठवले जातात. त्यांतील दुसऱ्या संचाच्या पोर्टची (जोडणीच्या तोंडाची) जंपर केबल, म्हणजे पॅनेलला जोडणारी आखूड केबल, निकामी झाली तर रेंज जशीच्या तशी दिसते, कारण फोन ताकद मोजतो ती मुख्यतः पहिल्या पोर्टच्या संदर्भ संकेतांवरून. नेटचा वेग मात्र निम्म्यावर येतो. टॉवरच्या अगदी जवळ, मोकळ्या जागी, गर्दी नसलेल्या वेळीही वेग निम्माच राहत असेल तर हा संशय घ्यावा.

निपाणी-चिकोडीच्या सपाटीवर उलटी तऱ्हा

डोंगरात झोत अडतो, तर सपाटीवर तो नको तितका लांब जातो. तवंदी घाटासारख्या उंचीवर एखादी अँटेना कमी टिल्टने लावलेली असेल, तर तिचा संकेत दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या दूरवरच्या गावांतही ऐकू येतो आणि जवळचा टॉवर सोडून फोन त्या लांबच्या सेलला चिकटतो. टॉवर पॅनेलला वीस-चाळीस वॅट शक्ती पुरवतो, फोन मात्र फार तर ०.२ वॅटने बोलतो. त्यामुळे टॉवरचे म्हणणे आपल्याला ऐकू येते, आपले टॉवरपर्यंत पोहोचत नाही, आणि दांड्या भरलेल्या असूनही पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत राहतो. काही फोनवर वर सांगितलेले ॲप टायमिंग ॲडव्हान्स नावाचा, सेलपासूनचे अंतर सुचवणारा आकडा दाखवते. ४जी मध्ये त्याचा एक टप्पा सुमारे ७८ मीटरचा असतो. हा आकडा १५० दिसला, तर आपण जवळपास पावणेबारा किलोमीटरवरच्या सेलशी बोलत आहोत हे उघड होते. येथे त्या दूरच्या पॅनेलचा टिल्ट वाढवणे हाच उपाय आहे. जवळच्या टॉवरची शक्ती वाढवून काही साधत नाही, उलट गोंगाट वाढतो.

उसाचाही थोडा हात असतो. दोन पुरुष उंचीच्या हिरव्या उसातून जाणाऱ्या पाणंदीत वरचे बँड लवकर दमतात आणि तोड झाल्यावर तिथेच बरी रेंज मिळते. पण गावठाणात घराघरांत जी अडचण आहे ती उसावर ढकलू नये.

सर्कलची सीमा

या भागाची खास अडचण म्हणजे कर्नाटक हे एक दूरसंचार सर्कल (मोबाईल सेवेसाठी आखलेला विभाग) आणि पलीकडचा चंदगड, कागल भाग महाराष्ट्र सर्कलमध्ये. एकाच कंपनीचे असले तरी दोन्हीकडचे नेटवर्क कोड वेगळे असतात आणि स्पेक्ट्रमचे लिलावही सर्कलनिहाय होत असल्याने हाती असलेले बँडही वेगळे असू शकतात. कंपनीने दोन्ही कोड परस्परांना समतुल्य म्हणून नोंदवले नसतील, तर कर्नाटकातील सिम असलेला फोन आपल्या सर्कलचा क्षीण संकेतही ऐकू येत असेपर्यंत तो सोडत नाही, मग शिनोळीकडचा टॉवर कितीही ठणठणीत असो. त्यातच एका सर्कलमध्ये फ्रिक्वेन्सीचा जो तुकडा एका कंपनीकडे असतो तोच शेजारच्या सर्कलमध्ये दुसऱ्या कंपनीकडे असू शकतो, म्हणून सीमेकडे तोंड असलेले पॅनेल मुद्दाम अधिक झुकवले किंवा वळवले जाते. उचगाव-तुडये पट्ट्यातील लोकांनी याची चाचणी अशी करावी: फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड आपोआपऐवजी हाताने करून, आपल्याच कंपनीचे पलीकडचे नेटवर्क यादीत आले तर ते निवडून पाहावे. तिथे कॉल स्वच्छ लागत असेल तर दोष अँटेनापेक्षा सर्कलच्या जोडणीत आहे, आणि तक्रारीत सिम कोणत्या सर्कलचे व टॉवर कोणत्या बाजूचा हे दोन्ही लिहावे. चाचणी झाल्यावर निवड पुन्हा आपोआपवर ठेवायला विसरू नये, नाहीतर बेळगावात आल्यावर फोन मुकाच राहील.

पावसाळ्यात पुन्हा पुन्हा होणारा बिघाड

कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळा सुरू झाला की नेट जाते, आणि दोष सरसकट पावसाला दिला जातो. मोबाईलच्या या फ्रिक्वेन्सींना पावसाच्या थेंबांचा फारसा अडथळा होत नाही. ओल्या, दाट पानांचा मात्र होतो, आणि गावाभोवतीची झाडी जूननंतर भरते हे खरे आहे. त्याहून मोठा शत्रू म्हणजे कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी. जंपर केबलच्या सांध्यावरील जलरोधक टेप उन्हाने सुटते, पाणी आत जाते आणि पॅनेलकडे निघालेली शक्ती अर्ध्या वाटेवरून परत फिरू लागते. हे मोजण्याच्या व्हीएसडब्ल्यूआर या आकड्याला १.५ च्या आत राहू द्यावे असा कामाचा दंडक आहे. तो २ वर गेला की सुमारे ११ टक्के शक्ती परावर्तित होते, आणि आणखी चढला तर यंत्रणा तो सेक्टरच बंद पाडते. दिवाळीपर्यंत सांधा वाळतो, रेंज परत येते, आणि न उघडताच तक्रार मिटल्याची नोंद होते. पुढच्या आषाढात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इथे टेप बदलून भागत नाही; कनेक्टर कापून नवा बसवावा लागतो.

हा बिघाड इतरांपासून वेगळा ओळखता येतो. एकाच सेक्टरखालच्या सगळ्या गावांत एकाच वेळी रेंज पडली आणि त्याच टॉवरच्या दुसऱ्या बाजूला ठीक असेल, तर केबल किंवा कनेक्टर. तिन्ही सेक्टर एकदम गेले, तर वीज, बॅटरी किंवा टॉवरला जोडणारा मायक्रोवेव्ह दुवा. हा दुवा फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला मुसळधार पाऊस खरोखरच अडवतो. वादळानंतर एका गावाची रेंज गेली आणि दुसऱ्याची अचानक सुधारली, तर क्लॅम्प ढिला होऊन पॅनेल वळले आहे. आणि दुरुस्तीचे पथक येऊन गेल्यानंतर बिघडले असेल, तर दोन सेक्टरांच्या केबल्सची अदलाबदल झाली आहे का हे टॉवरभोवती फेरी मारून पीसीआय पाहत तपासावे. एका दिशेला दुसऱ्याच दिशेचा क्रमांक दिसला की शंका उरत नाही.

स्वतः काय करावे आणि काय करू नये

बाजारात मिळणारा बूस्टर विनापरवाना बसवू नये. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय असे स्वस्त यंत्र टॉवरच्या दिशेने सतत गोंगाट ओतते आणि सेक्टरमधील साऱ्या गावाचे कॉल बिघडवते. एका घराची सोय होते आणि शेजारची दहा घरे त्रासतात. ज्यांच्याकडे फायबरचे कनेक्शन आहे त्यांनी फोनमधील वायफाय कॉलिंग सुरू करावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी सिम घालण्याचा, बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला राउटर घेऊन छपरावर दोन दिशादर्शी अँटेना, एक अधिक ४५ आणि दुसरी उणे ४५ अंशांत, बसवाव्यात. त्या समोरच्या टॉवरकडेच रोखल्या पाहिजेत असे नाही. खाचेतल्या गावाला कधी कधी दूरच्या दुसऱ्या टॉवरकडून अधिक स्वच्छ संकेत मिळतो. केबल मात्र जाड आणि आखूड असावी, कारण बारीक केबल दहा मीटर ओढली तर अँटेनाची सगळी कमाई केबलच खाते.

तक्रार १९८ वर किंवा कंपनीच्या ॲपमधून नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा, आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर गावाजवळचे टॉवर पाहता येतात, तर कंपन्यांना आता आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशेही द्यावे लागतात. नकाशावर आपले गाव रंगवलेले असेल आणि मोजमाप उणे ११० असेल, तर दोन्हींचे स्क्रीनशॉट जोडावेत. 'गावात रेंज नाही' असे लिहिण्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे: 'टॉवरपासून ६०० मीटरवर, शाळेपाशी, आरएसआरपी उणे ११२, त्याच पीसीआयवर १५०० मीटरवर, माळावर, उणे ८१, दोन्ही मोजमापे सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान, या सेक्टरचा टिल्ट तपासावा.' असा मजकूर नियोजन करणाऱ्या अभियंत्यापर्यंत पोहोचला, तर त्याला गावात न येताही दोष कुठे आहे ते कळते.

बदल झाल्याचा निरोप आल्यावर त्याच फोनने, त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा मोजावे आणि दरीपलीकडच्या वाडीतल्या कोणाला तरी तिथलेही मोजायला सांगावे. वाडीचा आकडा १० डेसिबलहून अधिक पडला असेल, तर तक्रार बंद करण्याला संमती न देता दोन्ही मोजमापे त्याच क्रमांकाखाली कळवावीत.